तिसऱ्या ट्रॅकवरचा आवाज

निपाणीकडच्या लग्नाच्या व्हिडिओत माणसं बोलत नाहीत. ओठ हलतात, मामा पोरीच्या डोक्यावरून हात फिरवताना काहीतरी पुटपुटतो, वरमाय आहेराची साडी उलगडून शेजारणीच्या कानाला लागते, पण ऐकू येतं ते गाणं. आणि ते बरंच आहे म्हणा. वरमाय काय म्हणाली ते ऐकू आलं असतं तर निम्मे संसार व्हिडिओ बघतानाच मोडले असते. दीपंकरचा सगळा धंदा ह्या एका शहाणपणावर उभा होता. चित्र झकास घ्यायचं आणि आवाजावर गाण्याचं पांघरूण घालायचं.

त्याचं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. पाटीवर नाव ‘सुविधा व्हिडिओ’. बायकोचं नाव दिलं की घरात कितीही भांडण झालं तरी दुकानाला कुलूप लावायची छाती होत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची, सुविधा मात्र कधी हसली नाही.

तर श्रावणातल्या एका दुपारी त्या अरुंद जिन्यावर काठीचा आवाज आला आणि मागोमाग धाप लागलेले रायाप्पा दारात उभे राहिले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, अंगावर कोट. तंबाखूचे जुने व्यापारी. दीपंकरची आजी बायडाबाई उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या वखारीत तंबाखू चाळत होती आणि घरी येऊन रात्रभर शिंकत होती. त्या घरचा मालक आपल्या दुकानाचा जिना चढेल, असं दीपंकरला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो गडबडीनं उठला आणि स्वतःची गादीची खुर्ची पुढं सरकवली.

“बसा आप्पा. तुमी कशाला आला? फोन केला असता तर मी आलो असतो की.”

“फोनवर सांगन्याजोगं न्हाई त्ये.” रायाप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालाच्या गाठीतून पेन ड्राइव्ह. “ह्यातलं गानं काढ.”

“आवडलं न्हाई व्हय? दुसरं टाकू या. भक्तिगीत टाकू?”

“दुसरं नको. कुठलंच नको. गानं काढ आनि तिचा आवाज लाव.” म्हाताऱ्यानं काठी दोन्ही हातांनी धरली. “ती माझ्या खुर्चीम्होरं बसून बोलती बघ. त्ये मला ऐकायचं हाय.”

ती म्हणजे ब्राह्मी. रायाप्पांची मुलगी.

ब्राह्मीची आई लवकर गेली. पोरीला वाढवलं ते रायाप्पांनीच. शिकवली, एम.एस्सी. केली, चिकोडीच्या कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा पेढे वाटले. मग हातकणंगल्याकडचं एक स्थळ आणलं, तर पोरगी म्हणाली, मला दीक्षा घ्यायची आहे. जैनांच्या घरात दीक्षा म्हणजे मोठा मान. लोक येऊन पाया पडतात, भाग्यवान आहात म्हणतात. रायाप्पाही दुसऱ्याच्या पोरीच्या दीक्षेला जाऊन तेच म्हणत आले होते. पण आपल्या अंगणातलं झाड तोडायची वेळ आली की माणसाला कुऱ्हाडीची धार दिसते. दोन वर्षं त्या घरात धुसफूस चालली. घरच्यांनी होकार दिल्याशिवाय महाराज दीक्षा देत नाहीत, म्हणून शेवटी त्यांनी मुलाच्या, जिनेंद्रच्या तोंडून होकार पाठवला. वर स्वतःच्या तोंडानं एवढंच बोलले, “मी मांडवात येनार न्हाई. मला पोरगी हुती, आता न्हाई.” त्यानंतर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

माघात दीक्षा झाली. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मैदानात मांडव, बँड, रथातून मिरवणूक, ओटी भरायला गावच्या गाव लोटलेलं. दीक्षा घेणारीनं त्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची असते. घरच्यांची, दारच्यांची, कळत नकळत दुखावलेल्या सगळ्यांची. मग केस उपटायचे, पांढरी साडी नेसायची, नवं नाव घ्यायचं. तिथून पुढं ती कुणाची कुणी राहत नाही. जन्मदात्या बापालासुद्धा तिच्यापुढं हात जोडून ‘वंदामि माताजी’ म्हणावं लागतं.

रायाप्पा त्या दिवशी घरातून हलले नाहीत. सकाळी सोप्यात आले तर त्यांची वेताची खुर्ची जागेवर नव्हती. कुणी नेली ते त्यांनी विचारलं नाही, आणि विचारणार तरी कुणाला, सगळं घर मांडवात होतं. खुर्ची ब्राह्मीनं मांडवात न्यायला लावली होती. नातेवाइकांच्या रांगेत ती रिकामी खुर्ची मांडलेली होती. भावापुढं, वहिनी सौम्यापुढं, आत्या-मावश्यांपुढं वाकत वाकत ब्राह्मी त्या खुर्चीपाशी आली आणि खाली जमिनीवर मांडी घालून बसली. बसली आणि बोलायला लागली. कितीतरी वेळ बोलत होती. कर्ण्यावर भजन इतकं मोठ्यानं चाललेलं की हातभर अंतरावरच्या सौम्यालाही एक अक्षर ऐकू आलं नाही.

रायाप्पांनी आजवर तो व्हिडिओ बघितला नव्हता. घरात लागला की ते उठून परड्यात जायचे. परवा सौम्याच्या माहेरची माणसं आली, तिनं टीव्हीवर लावला, आणि उठता उठता त्यांना पडद्यावर स्वतःची खुर्ची दिसली. खुर्चीसमोर पाठमोरी पोरगी. तिचं डोकं हलत होतं, हात हलत होते, आणि वर बासरी वाजत होती.

“तिच्या पदराला माइक हुता म्हनं. जिन्नूनं सांगितलं,” रायाप्पा म्हणाले. “तवा आवाज आसंल की.”

“आसनारच,” दीपंकर म्हणाला. तो अगदी निश्चिंत होता. माइक त्यानं स्वतःच्या हातानं सौम्याकडं दिला होता आणि तिनं तो ब्राह्मीच्या पदराच्या आत लावला होता. त्यानं कॉम्प्युटरवर दीक्षेचं काम उघडलं, तो भाग शोधला, बासरीचा ट्रॅक बंद केला आणि आवाज मोठा केला.

भजन. खालून कर्ण्यावरचं भजन आलं, दणदणीत. दीपंकरनं तोही ट्रॅक बंद केला आणि त्याच्या खालचा शोधला. त्याच्या खाली काहीच नव्हतं. त्यानं मूळ क्लिप वेगळी उघडली. दोनच ट्रॅक, आणि दोन्हींवर भजन. दुसरी क्लिप उघडली, तिसरी उघडली. दोनच.

त्यानं माउसवरचा हात काढला.

काय झालं होतं ते त्याला एका क्षणात कळलं, आणि ते इतकं साधं होतं की रडू यावं. त्याचा नवा कॅमेरा चित्र फार घट्ट दाबून, बारीक फाइलीत भरतो. ती फाइल दीपंकरच्या जुन्या कॉम्प्युटरला पचत नाही. दोन पावलं चालते की अडकते. म्हणून प्रत्येक फाइल आधी सोप्या प्रकारात बदलून घ्यायची, दात नसलेल्या माणसाला भाकरी दुधात कुस्करून द्यावी तशी. कुस्करलेली भाकरी ताटलीभर होते, तशी बदललेली फाइलही मूळच्या कैक पटीनं फुगते. डिस्क भरते. मग जागेसाठी काय पुसायचं? मूळ फाइल. बदललेली मिळाली आहेच की, जुनीचं काय लोणचं घालायचंय?

आता बदलताना दरवेळी शंभर गोष्टी कोण निवडत बसणार? म्हणून त्यानं सगळं एकदा ठरवून त्याचं एक बटण करून ठेवलं होतं. बटणाला नाव दिलं होतं ‘लग्न’. त्यात चित्र पूर्ण ठेवायचं आणि आवाजाचे पहिले दोन ट्रॅक घ्यायचे, बाकीचे टाकून द्यायचे. लग्नात दोन तरी कशाला लागतात! पण दीक्षेच्या दिवशी साउंडवाल्याची वायर त्यानं पहिल्या दोन ट्रॅकवर घेतली होती, महाराजांचं प्रवचन स्वच्छ यावं म्हणून. ब्राह्मीचा माइक होता तिसऱ्यावर. दीक्षेचं शूटिंग दुकानात आणलं, सवयीनं ‘लग्न’ दाबलं, आणि चहा प्यायला गेला.

“काय झालं रं?” रायाप्पांनी विचारलं.

“न्हाई... ह्ये एडिटिंगचं हाय आप्पा. मूळ फुटेज बघाय लागंल.” दीपंकरनं त्यांच्याकडं न बघता सांगितलं. “थोडे दिवस द्या मला.”

“घे की. घाई न्हाई.” रायाप्पा काठी टेकून उठले. “तू आवाज ऐकतोस त्ये मोठं मशीन कानाला लावून ऐकू, का असंच?”

“कसंबी ऐका.”

“मग कानालाच लाव माझ्या. दुसऱ्या कुनी ऐकायला नको.”

ते जिना उतरून गेले. मूळ फुटेज नावाची वस्तू आता जगात नाही हे दीपंकरला बोलतानाच माहीत होतं. तरी तो बोलला. माणूस बुडताना पाण्याला धरतो तसलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी त्यानं कार्ड आणि डिस्क पिशवीत घातली आणि बेळगाव गाठलं. खडेबाजारात एका बोळात साईराज नावाचा माणूस पुसलेल्या फाइली परत काढून देतो. दुकान कोनाड्याएवढं, पण लोक गोव्याहून येतात. दीपंकरला अजून आशा होती. गाडीत बसून त्यानं आपल्या गौतम बुद्धाला आणि आप्पांच्या आदिनाथाला, दोघांनाही हाक मारली होती. आपल्यामुळं दोन धर्मांत तंटा नको म्हणून आधी कुणाला मारली ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

साईराजनं कार्ड लावलं. बराच वेळ पडद्यावर आकडे धावले. आत एक माणूस फोनवर कन्नडमध्ये गिऱ्हाइकाशी भांडत होता. शेवटी साईराजनं मान हलवली.

“इल्ल रीऽ. ह्याच्यावर नंतर लई शूट झालंय ओ. हे बघा.” त्यानं पडद्यावर बारीक चित्रांची रांग दाखवली. अक्षता, हार, वरात, केक, पुन्हा अक्षता. “सगळी लग्नंच लग्नं. खालचं सगळं खाऊन टाकलंय.”

“आन डिस्क?”

“डिस्कवर तर तुम्हीच मोठ्या फाइली ठेवल्याय की. त्याच जागेवर बसल्याय त्या.”

म्हणजे ब्राह्मीच्या आवाजावर ब्राह्मीचंच फुगलेलं चित्र येऊन बसलं होतं. दीपंकरनं कार्ड उचललं. साईराजनं त्याचा चेहरा बघून स्टूल पुढं केलं, पण तो बसला नाही.

येताना बसमध्ये त्याला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर बस संकेश्वरला थांबली कधी नि सुटली कधी, त्याला कळलं नाही. दीक्षेच्या सकाळी, मिरवणुकीआधी, ब्राह्मी स्वतः त्याच्यापाशी आली होती. हळद लागलेली, हातभर मेंदी. म्हणाली होती, “दादा, हा माइक शेवटपर्यंत चालू राहील ना?”

“आक्का, तुम्ही काळजी करू नका,” तो म्हणाला होता. नवऱ्या मुलीही असलंच काहीबाही विचारतात. माझा मेकअप नीट दिसेल ना, माझी उंची कमी दिसणार नाही ना. त्याला वाटलं, ही पण तसलीच. आता कळलं की तिला तिच्या आवाजाची हौस नव्हती. बाप येणार नाही हे तिला ठाऊक होतं. जे बोलायचं ते ती खुर्चीशी बोलत नव्हती, माइकशी बोलत होती. सगळं सोडून जाण्याआधी एक गोष्ट तिनं दीपंकरच्या हवाली केली होती.

घरी त्यानं सुविधाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच तिनं विचारलं, “पर तुमी तर ऐकलंय की.”

“मी?”

“हेडफोन लावून उभा हुता न्हवं दिवसभर? जिनेंद्रअण्णांनी फोटो टाकल्याले त्यात दिसतंय. तिचा माइक तुमच्या कानात न्हवता काय?”

होता. तिसरा ट्रॅक त्याच्या कानात होता. साऱ्या जगात ब्राह्मीचं ते बोलणं ऐकलेला एकच माणूस होता, आणि तो स्वयंपाकघरात पाटावर बसला होता.

तो आठवायला बसला. डोळे मिटून आठवलं, मांडवातली जागा मनात आणून आठवलं, दुकानात जाऊन चित्र समोर लावून, तेच हेडफोन कानाला लावून आठवलं. काय आठवलं? पदर माइकवर घासत होता म्हणून खरखर येत होती. एका जागी आवाज इतका बारीक झाला की त्यानं बटण फिरवून वाढवला. मग एकदम कॅमेऱ्यावरची आवाजाची पट्टी लाल झाली, आवाज फाटला, म्हणून त्यानं घाईघाईनं कमी केला. त्याला आवाजाची जाडी आठवत होती, चढउतार आठवत होता. शब्द मात्र एकही आठवेना. आयुष्यभर त्यानं आवाज तपासले होते, ऐकला एकही नव्हता. त्याला स्वतःच्या कानांची किळस आली.

“क्षमा मागितली म्हनून सांगा,” सुविधा म्हणाली. “सगळी तेच म्हनत्यात. म्हाताऱ्याचं समाधान हुईल. त्यात पाप न्हाई.”

खरं होतं. पण क्षमा मागायला दोन वाक्यं लागतात. ती कितीतरी वेळ बोलत होती.

शेवटचा उपाय म्हणून तो तिच्याकडंच गेला. तिच्या संघाचा चातुर्मासाचा मुक्काम चिकोडीपलीकडच्या एका गावात होता, निपाणीहून गाडीवर सकाळी निघालं तर न्याहारीला पोचावं एवढ्यावर. बस्तीच्या सभागृहात बायका पाठ म्हणत होत्या. पाटांवर चार-पाच आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, बसल्या होत्या, पांढऱ्या साड्या, हातात मोरपिसांची पिंछी. त्यांतली ब्राह्मी कोणती ते त्याला पटकन ओळखू आलं नाही. केस नसले की चेहरा किती बदलतो! ओळखल्यावर तो पुढं झाला आणि इतर लोक करतात तसे हात जोडून म्हणाला, “वंदामि माताजी.”

त्यांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला. मग म्हणाल्या, “व्हिडिओवाले ना तुम्ही?”

दीपंकरनं सांगायला सुरुवात केली. आप्पांनी व्हिडिओ बघितला इथपर्यंत त्या शांत होत्या. आप्पांना आवाज ऐकायचा आहे म्हटल्यावर त्यांचे डोळे वर आले.

“मग ऐकवा की,” त्या म्हणाल्या. “माइक तर चालू होता.”

“चालू हुता माताजी. माझ्याकडनं पुसला गेला.”

त्यांची नजर पुन्हा खाली गेली आणि हातातल्या पिंछीच्या एका पिसावर थांबली. पलीकडं बायकांचा पाठ चालूच होता. दीपंकरला वाटलं, ह्यांनी मला शिव्या दिल्या तर किती बरं होईल. पण शिव्या द्यायचा मार्गही त्यांनी माघातच सोडला होता.

“मनाला लावून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून क्षमा आहे तुम्हाला.”

“मला क्षमा नको हो. तुमी काय बोलला तेवढं सांगा. मी आप्पांना जाऊन सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडं करणार न्हाई.”

“ते बोलणं त्या मुलीचं होतं. तिचं घर, तिचं नाव, तिचे आप्पा, सगळं तिनं त्या मांडवात ठेवलं. ठेवलेलं मी आता परत कसं उचलू?” आवाज अगदी सपाट होता, पण तो सपाट ठेवायला किती बळ लागतंय हे आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला कळलं. “त्यांना म्हणावं, दर्शनाला या. इथलं दार सगळ्यांना उघडं आहे.”

दीपंकर बाहेर आला आणि त्याला राग आला. त्या नेमांचा आला, तिचा आला, आणि गाडीला किक मारताना लक्षात आलं की आपल्याला रागवायचा काय अधिकार? तिनं आपला शब्द पाळला होता. स्वतःचा शब्द मोडला होता तो त्यानं.

आठवड्यानं रायाप्पा परत आले. ह्या वेळी कोट इस्त्रीचा होता. कानावर मशीन लावायचं म्हणून टोपी आधीच काढून हातात घेतली होती. ते बघून दीपंकरची उरलीसुरली हिंमत गेली.

“आप्पा, आवाज न्हाई,” तो म्हणाला. “माझ्या हातनं पुसला. परत मिळत न्हाई. बेळगावला जाऊन आलो, माताजींकडं जाऊन आलो.”

“तिच्याकडं गेलतास?”

“व्हय. दर्शनाला या म्हणाल्या.”

“दर्शनाला!” रायाप्पांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “जाऊन काय म्हनू? माताजी म्हनू? जिची येनी घातली तिला?” मग म्हणाले, “पर तुझ्या कानात हुतं की रं त्ये. जिन्नू म्हनला, तू कानाला लावूनच उभा हुतास. आठवंल तेवढं सांग. सगळं नको.”

सुविधानं सांगितलेलं वाक्य दीपंकरच्या जिभेवर आलं होतं. म्हातारा पुढं वाकून बसला होता. एवढं सोपं खोटं आयुष्यात परत मिळणार नव्हतं. आणि तरी ते त्याच्या तोंडून निघेना. एकदा तिचा आवाज पुसला होता. आता त्या जागी स्वतःचा भरायचा, म्हणजे तेही ‘लग्न’च दाबणं झालं.

“मी बोलनं ऐकलंच न्हाई आप्पा,” तो म्हणाला. “आवाज फाटतोय का, बारीक हुतोय का, तेवढंच ऐकत हुतो. ती काय म्हनती तिकडं माझं ध्यानच न्हवतं. कामच तसलं हाय माझं.”

रायाप्पा खिडकीकडं बघत राहिले. खाली बसस्टँडवर कंडक्टर कोल्हापूर, कोल्हापूर म्हणून ओरडत होता.

“दोन वर्सं ती माझ्याम्होरं बसून सांगत हुती,” ते म्हणाले. “का जायाचं, कशापायी जायाचं, तिला काय वाटतंय. रोज सांगायची. मीबी तुझ्यागतच ऐकलं बघ. बापाम्होरं आवाज चढला, एवढंच ऐकलं. काय सांगती त्ये ऐकलंच न्हाई.” त्यांनी नाक ओढलं. “तुला काय म्हनू मी? तुझं तर पोटाचं काम हुतं.”

दीपंकरला रडू आवरलं नाही. ते बघून रायाप्पा कावरेबावरे झाले. बायडाबाईच्या नातवाला जवळ घ्यावं की नको, हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“एक हाय आप्पा,” डोळे पुसत दीपंकर म्हणाला. पट्टी लाल कशानं झाली होती ते त्याला आत्ता आठवलं होतं. “शब्द न्हाईत. पर ती हसली हुती.”

“कोन?”

“ब्राह्मीआक्का. बोलता बोलता एकदा एवढी मोठ्यानं हसली की आवाज फाटला. म्हनून मी बटन फिरवून बारीक केला. त्ये मात्र पक्कं आठवतंय.”

“माझ्या खुर्चीम्होरं? हसली?”

“व्हय.”

“दाखीव.”

दाखवायला काय होतं? ती पाठमोरी, डोक्यावर पदर, चेहरा कुठंच नाही. पण दीपंकरनं क्लिप लावली, भजन बंद केलं. आवाज नसलेलं चित्र पडद्यावर सुरू झालं. वेताची खुर्ची, तिच्यासमोर मांडी घालून बसलेली ब्राह्मी. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. आणि मग चित्र हललं. कुणीतरी कॅमेऱ्याला कोपर मारावं एवढंसं, की लगेच स्थिर. व्हिडिओ तयार करताना ती जागा दीपंकरनं कापून तिथं झेंडूच्या तोरणाचं चित्र घातलं होतं. हललेला शॉट म्हणजे धंद्याची बदनामी.

“ह्ये काय झालं?”

“माझा हात लागला कॅमेऱ्याला. बटन फिरवताना.” दीपंकरनं मागं नेऊन पुन्हा दाखवलं. “हितंच हसली ती.”

रायाप्पांनी खुर्ची पुढं ओढली. चष्मा काढून कोटाला पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याजवळ तोंड नेलं.

“मी रागानं गप बसलो की अशीच हसायची,” ते म्हणाले. “एवढीशी हुती तवापासनं. ह्याच खुर्चीम्होरं फतकल मारून बसायची, माझ्या तोंडाकडं बघायची, आनि फिस्सकन हसायची. मी हसावं म्हनून. मला आनि राग यायचा. एकदा तरी हसायला काय हुतं मला!”

चित्र पुढं सरकलं होतं. ब्राह्मी उठून उभी राहत होती, खुर्चीच्या हातावर तिनं हात ठेवला होता.

“परत लाव,” रायाप्पा म्हणाले.

त्यानं मागं नेलं. खुर्ची, मांडी घालून बसलेली पाठमोरी पोरगी, आणि चित्राला बसलेला तो बारीक धक्का.

“हितं?”

“हितंच, आप्पा.”

“परत लाव.”